"हेवी रॉड आहे, काहीही फेका" म्हणणाऱ्यांनो, या आता आणि माझं ल्युअर (माशाला फसवायचा खोटा मासा) आणून द्या

मासे धरायला गेलो होतो, तिसराच कास्ट (फेक) होता. तिसरा. अजून अंगातली झोप गेली नव्हती. रॉड मागे नेला, व्यवस्थित लॉब केला, काही झटका नाही, हिसका नाही, आणि मधेच फटाका फुटल्यासारखा आवाज. रीलवर (दोरा गुंडाळायच्या चाकावर) दोऱ्याचं घरटं, हातात हलकीफुलकी काठी आणि ६ औंसाचं ग्लाइड बेट (पाण्यात डावीकडे-उजवीकडे सरकणारं ल्युअर) दोरा सोडून जे सुटलं ते सुटलंच. आणि काय गेलं माहितीये का, आयुष्यातला सगळ्यात लांबचा कास्ट होता तो!!

बुडालं असतं तरी चाललं असतं हो, एकदा हळहळून मोकळा झालो असतो. पण हे तरंगणारं. समोर पाण्यावर आडवं पडून डुलतंय, रंगवलेला डोळा माझ्याकडे, आणि वारा उलटा. दोन तास बसलो मी किनाऱ्यावर त्याच्याकडे बघत. दोन तास.

त्या दोन तासांत सगळे आठवले. पहिला तो रॉड विकणारा. "हेवी आहे, डोळे झाकून घ्या." अरे हेवी म्हणजे काय? एका कंपनीचा हेवी दुसऱ्या कंपनीत मिडियम हेवी निघतो, तिसरीचा हातात घेतला तर बांबू. त्या शब्दाला काही अर्थच नाही, खरं काय ते रॉडवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ल्युअर २ ते ६ औंस. त्यातही २ औंसाला काठी वाकत नाही आणि ६ ला ओल्या केरसुणीसारखी लोंबते, म्हणजे खरा रॉड ३ ते ५ चा, बाकी सगळी हौस. आणि ल्युअरच्या पाकिटावर ६ औंस म्हणजे १७० ग्रॅम ना? घरी येऊन त्याच्या जुळ्या भावाला किचनच्या काट्यावर ठेवलं. १९२. हुक आणि रिंगा काय हवेत तरंगतात का यांच्या? नाकापेक्षा मोती जड, आणि नाक माझं.

बरं ही मापं तरी एका भाषेत लिहा. ल्युअर औंसात, दोरा पाउंडात, ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा रील दोरा किती जोराने अडवेल ते) किलोत, रॉड फुटात. मासे पकडायला आलोय का गणिताच्या पेपरला? रीलचे आकडे तर विचारूच नका. ३००, ४००, कशाचे ३००? एकाचा ३०० दुसऱ्याच्या ४०० एवढा, स्पिनिंगवाल्यांचा (दुसऱ्या प्रकारच्या रीलवाल्यांचा) ४००० आणखी तिसराच. आणि ती ड्रॅगची फुशारकी, "मॅक्स ड्रॅग ११ किलो". २५ पाउंडाचा दोरा स्वतःच साधारण ११ किलोला तुटतो, आपण ड्रॅग लावतो त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर, मग उरलेल्या ताकदीने काय नांगर ओढू?

मागच्या वर्षी एकाच्या नादी लागून ८:१ चं रील (हँडलच्या एका फेऱ्यात दोऱ्याचे आठ वेढे) घेतलं होतं. "स्पीड लागतो भाऊ." खोल जाणारं मोठं क्रँकबेट (तोंडापुढे जीभ असलेलं ल्युअर) लावलं आणि अर्ध्या तासात मनगट गेलं. मोठ्या जिभेचं ल्युअर पाण्यात बादलीसारखं ओढतं, त्याला ५ च्या आसपासचा गिअर आणि लांब हँडल लागतं, हे तो पैसे देऊन झाल्यावर म्हणाला. आणि एक पीस ८ फुटी रॉडवाले, तुमच्याशी तर मला बोलायचंच नाही. गाडीत डॅशबोर्डपासून मागच्या काचेपर्यंत तिरका घालून नेतो मी तो, गिअर टाकताना कोपर लागतं. खालची मूठ इतकी लांब की दर कास्टला बरगडीत. का, तर म्हणे दोन्ही हातांनी फेकायला बरं. बरंच आहे, ते खरंय, पण बरगडी माझी आहे.

असो. आता जरा लाज वाटते पण सांगतो, रॉडची यात काही चूक नव्हती. काल रात्री मी रील उघडून तेल घातलं होतं. स्पूलचे (दोरा गुंडाळलेल्या फिरकीचे) ब्रेक शून्यावर केले आणि परत लावायचे विसरलो. ल्युअर हवेत हळू झालं, स्पूल मात्र सुसाट, दोरा गुंतला, स्पूल जागच्या जागी थांबलं, आणि १९२ ग्रॅमला थांब म्हणून कोण सांगणार? ब्रेड (विणलेला दोरा) जराही ताणत नाही, झटका गेला थेट लीडरच्या (ल्युअरजवळच्या वेगळ्या दोऱ्याच्या) गाठीवर. गाठही तीन आठवड्यांपूर्वीची. बाकीच्यांना "दर वेळी गाठ नवीन बांधा रे" म्हणून शिकवणारा मीच. आणि स्पूल दाबून आवरणारा अंगठा कुठे होता? अंगठ्याने मी नाक खाजवत होतो.

पण खरी आग वेगळ्याच गोष्टीची आहे. सगळं आवरून निघालो, शेवटचं म्हणून वळून पाहिलं, तर ल्युअरखाली पाणी फुगलं आणि एवढं मोठं तोंड वर येऊन त्याला ढुशी देऊन गेलं. चार महिने मी ते बेट फेकतोय, कधी हा स्पीड, कधी तो पॉज, शेपटीमागे साधी सावली आली नाही.

दोरा नसताना आला, मेला.