शिबिर मे महिन्यात असेल तर कूलरपासून सावध

जळगावात मे महिन्यात पखवाजाचं निवासी शिबिर घ्यावं असं सुचवणारा लेख वाचला, कल्पना मनापासून आवडली. पण लेखात वाद्यांच्या काळजीबद्दल एक ओळही नाही, आणि आपल्या खान्देशात खरी अडचण तिथेच आहे.

कोरड्या उन्हात पुडी, म्हणजे पखवाजाच्या तोंडावरचं कातडं, ताणली जाते, स्वर चढतो. कूलरच्या ओल्या हवेत तीच पुडी सैल पडून स्वर उतरतो. दिवसातून चारदा असं झालं आणि दर वेळी स्वर जुळवायला गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकत बसलं, की पुडी गजऱ्यापाशी (कडेच्या विणलेल्या कड्यापाशी) फाटते. म्हणून वाद्यं कूलरच्या झोतात ठेवू नयेत. ज्या खोलीत वाजवायचं तिथेच अर्धा तास आधी आणून ठेवावीत, मगच स्वरात लावावीत. रात्री गट्टे थोडे ढिले करून गवसणी घालावी.

धुम्याला, म्हणजे डावीकडच्या पुडीला, लावलेली कणीक या हवेत भराभर सुकते, धुम्याचा आवाज पातळ होतो. जादा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून जवळ असू द्या. वाजवून झालं की कणीक लगेच काढा. वाळलेली खरवडताना कातडं सोलतं.

हातांनी वाजवणं पहाटे साडेपाच ते नऊ. दुपारी फक्त पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, चौतालाच्या बारा आणि धमाराच्या चौदा मात्रा हातावर धरून. नवशिक्यांना दुपारची पढंतच जास्त उपयोगी पडेल.