जर्नलमधलं ९.८१ : एका सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

साध्या लंबकाच्या प्रयोगाचं जर्नल कसं लिहावं, या माझ्या लेखावर तुम्ही खरमरीत लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बारावीच्या ३० मार्कांच्या प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, फक्त g चं (गुरुत्वत्वरणाचं) उत्तर ९.८ च्या जवळ आहे का ते बघतो. 'खरी रीडिंग लिहा' म्हणणाऱ्याचं काही जात नाही, मार्क पोरांचे जातात. आणि उद्देश, साहित्य, आकृती, कृती हा साचा ठरलेला असताना स्पष्ट लिहायला जागाच कुठे उरते, आणि प्रत्येक तक्ता तपासायला वेळ तरी कुठे?

साच्यावरून आपलं भांडणच नाही. काय कुठे सापडेल हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं, ही सोयच आहे. माझा राग आहे तो गेल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेल्या, किंवा उत्तर आधी धरून उलट्या भरलेल्या निरीक्षण तक्त्यावर.

समजा, बॉबच्या (दोऱ्याला टांगलेल्या गोळ्याच्या) मध्यापर्यंतची लांबी एक मीटर आहे आणि एका मुलीचं g १०.८ आलं. तिने २० आंदोलनांचा वेळ ३८.२ सेकंद असा जसाच्या तसा लिहिला असेल, तर चूक तक्त्यातच सापडते. खरं तर ४० च्या वर जायला हवं होतं. स्टॉपवॉच दाबताना तिने 'शून्य' ऐवजी 'एक' म्हटलं, म्हणजे आंदोलनं १९ च झाली. ९.७ च्या जरा खाली उत्तर आलं, तर दोन सेंटिमीटर व्यासाच्या बॉबची त्रिज्या लांबीत धरायची राहिली असावी. वहीत सरळ ९.८१ असेल तर यातलं काहीच कळत नाही.

मार्कांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. म्हणून तर रीडिंग पुन्हा घ्यायची. जुनी ओळ एका रेघेने खोडायची, पण खालचा आकडा वाचता आला पाहिजे. व्हाइटनर नको!

गंमत म्हणजे ९.८१ हा आकडा आपल्याकडचा नाहीच. तो लंडन-पॅरिसकडचा. पुण्यात g सुमारे ९.७८ आहे. १६७२ च्या सुमारास ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला. तिथे त्याचं लंबकाचं घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं, कारण तिथे g पॅरिसपेक्षा कमी आहे. पॅरिसला जुळेल असा आकडा त्याने लिहून टाकला नाही, जे दिसलं ते नोंदवलं. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगीर आहे, या न्यूटनच्या मांडणीला पुढे त्याच नोंदीचा आधार मिळाला.

अर्थात आपल्या लॅबमधल्या लंबकाला ९.७८ आणि ९.८१ यांतला फरक पकडता येत नाही. स्टॉपवॉच दाबण्यात ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले, तरी ४० सेकंदांत ती अर्धा टक्का चूक होते आणि सूत्रात वेळेचा वर्ग असल्यामुळे g मध्ये एक टक्का. म्हणून ९.८ ± ०.१ हे प्रामाणिक उत्तर. व्हायवात 'वीसच आंदोलनं का घेतली?' विचारलं, तर याच हिशोबाने उत्तर देता येतं.

'कृती'बद्दल एकच. 'लंबक बाजूस न्यावा व सोडावा' ही पुस्तकातली आज्ञा झाली. 'बॉब मधल्या स्थितीतून जाताना वेळ मोजायला सुरुवात केली, कारण तिथे त्याचा वेग सर्वांत जास्त असतो' हे मुलाने स्वतः केलेलं झालं. साचा तोच, ओळही एकच.

राहिला तुमच्या तपासण्याच्या वेळेचा प्रश्न. प्रत्येक टेबलाला वेगळी लांबी द्या: ८०, ९०, १००, ११० सेंटिमीटर. शेजारच्याचा तक्ता उतरवून चालणार नाही. तुम्ही फक्त L/T² चा (सेंटिमीटरमधली लांबी भागिले एका आंदोलनाच्या वेळेचा वर्ग) कॉलम बघायचा. लांबी कुठलीही असो, तिथे २४.८ च्या आसपास यायला हवं. २७.५ दिसलं, की त्या टेबलावर कोणीतरी 'एक'पासून मोजलंय.