‘क्रॉल स्पेस’च्या आधीचे भाग पाणी घालून वाढवलेले नाहीत

नमस्कार,

‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेच्या चौथ्या सीझनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन आहेत. पहिले सात-आठ भाग रटाळ आहेत, पाणी घालून वाढवलेत. नायक वॉल्टरची बायको स्कायलर आणि तिचा जुना मालक टेड यांचा आयकराचा ट्रॅक निव्वळ भरती आहे, तो उचलून फेकला तरी काही बिघडणार नाही. आणि शेवटच्या दोन भागांत लेखकांनी प्रेक्षकाला फसवलंय. पहिले दोन मला मान्य नाहीत, तिसरा बराचसा मान्य आहे. (सीझन पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळं उघड करावं लागणार आहे.)

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण खरं घोडं तिथेच अडलंय.

टेडचा ट्रॅक जोर धरतो तो नवव्या भागात, ‘बग’मध्ये. आयकर खात्याची चौकशी लागल्याचं सांगायला तो स्कायलरच्या कार वॉशवर येतो. त्याच्या कंपनीच्या वह्या स्कायलरच्या हातच्या आहेत. चौकशी खोलात गेली तर धागा तिच्यापर्यंत, तिच्यावरून कार वॉशपर्यंत आणि तिथून वॉल्टरने ड्रग बनवून कमावलेल्या पैशांपर्यंत जाणार. ती बावळट हिशेबनीस बनून अधिकाऱ्यासमोर बसते. टेडचा तुरुंग टळतो, पण थकलेला कर आणि दंड भरावाच लागणार, आणि ही रक्कम 6 लाख डॉलरच्या वर आहे. दहाव्या भागात, ‘सालूड’मध्ये, ती वॉल्टरच्या वकिलाकरवी, सॉलकरवी, दूरच्या नातेवाईक बाईच्या वारशाचं सोंग रचते आणि पैसे टेडपर्यंत पोचवते. टेड कर भरायचा सोडून नवी गाडी घेतो. अकराव्या भागात सॉलची दोन माणसं त्याच्या घरी बसून चेक लिहून घेतात. टेड पळायला जातो, गालिच्यात पाय अडकतो आणि डोकं आपटून पडतो.

तीन भाग चाललेला हा सगळा प्रकार गसच्या, म्हणजे वॉल्टरकडून ड्रग बनवून घेणाऱ्या मालकाच्या ट्रॅकला कुठेच शिवत नाही. म्हणूनच तुम्हाला तो भरती वाटला असणार. आता त्याच अकराव्या भागाचा, ‘क्रॉल स्पेस’चा, शेवट डोळ्यांपुढे आणा. गसने वॉल्टरला वाळवंटात नेऊन कामावरून काढलंय आणि हँकला (वॉल्टरचा साडू, ड्रगविरोधी खात्यातला अधिकारी) मारताना मध्ये पडलास तर बायको, मुलगा, तान्ही मुलगी सगळ्यांना मारीन, असं सांगितलंय. वॉल्टर सॉलकडे धावतो. माणसांना नवी ओळख देऊन गायब करणाऱ्या एकाचा पत्ता सॉलकडे आहे, पण त्याला सुमारे 5 लाख डॉलर रोख लागतात. वॉल्टर घरी येतो, जमिनीखालच्या बुटक्या पोकळीत उतरतो, नोटांच्या गड्ड्या उपसतो. पुरत नाहीत. बाकीचे कुठे आहेत? वर उभी असलेली स्कायलर सांगते, टेडला दिले.

वॉल्टर आधी किंचाळतो, मग रडतो, आणि रडण्यातून हसू फुटतं. तिकडे फोन वाजतोय, हँकची बायको मेरी घाबरून त्याच्या जिवाला असलेल्या धोक्याबद्दल बोलतेय, स्कायलर मागे सरकत फोनकडे जाते. कॅमेरा त्या चौकोनी भगदाडातून सरळ वर उचलला जातो, वॉल्टर पेटीत ठेवलेल्या प्रेतासारखा दिसायला लागतो, आणि संगीताऐवजी एक घुमणारा ठोका राहतो.

टेडचा ट्रॅक काढून हाच सीन लिहून बघा. पैसे जागेवर आहेत, चौघं बॅगा भरून निघून जातात आणि सीझन अकराव्या भागातच संपतो. पळून जायचं दार बंद करणं हे त्या ट्रॅकचं काम होतं. लेखकांनी ते चोरी, आग किंवा छाप्याने बंद केलं असतं तर आपण योगायोग म्हणून नाक मुरडलं असतं. इथे दार घरच्या माणसाने, घर वाचवायलाच बंद केलंय. पैसे गेल्याचं आपल्याला आधीपासून माहीत असतं, वॉल्टरला नसतं. म्हणून तो जमिनीखाली उतरतो तेव्हाच आपल्या पोटात गोळा येतो.

यातच माझं मुख्य म्हणणं आलं. शेवटाकडे जाणारा वेग घटनांच्या गर्दीने येत नाही. पात्राला उरलेले रस्ते एकेक करून, पटणाऱ्या कारणांनी बंद होत जातात, त्याने येतो. वॉल्टरचे रस्ते मोजा. गसला स्वतः मारणं दुसऱ्या भागातच निकालात निघतं: तो .38 रिव्हॉल्व्हर घेतो आणि गसच्या जवळपासही पोचू शकत नाही. आपल्या साथीदाराकडून, जेसीकडून, मारवणं नवव्या भागातल्या मारामारीबरोबर संपतं. ‘माझ्याशिवाय यांचं चालणार नाही’ हे त्याचं कवच दहाव्यात फुटतं, कारण जेसी मेक्सिकोत एकट्याने माल बनवून दाखवतो. पळून जाणं अकराव्यात संपतं. नवव्यापासून दर भागाला एक दार, आणि प्रत्येक दार आधीच्यापेक्षा जवळचं.

आता ‘रटाळ’ भागांकडे येतो. ‘हर्मानोस’ हा आठवा भाग तुम्ही नाव घेऊन टाकाऊ म्हटलात. त्यात सुमारे वीस वर्षांपूर्वी मेक्सिकन टोळीप्रमुख डॉन एलाडिओच्या स्विमिंग पूलपाशी त्याचा माणूस हेक्टर गसच्या जोडीदाराला, मॅक्सला, त्याच्या डोळ्यांदेखत मारतो. तेराव्या भागात गससारखा पराकोटीचा सावध माणूस वृद्धाश्रमात हेक्टरला संपवायला स्वतः का जातो? त्याच्याकडे माणसं नाहीत का? जातो, कारण हा सूड त्याला दुसऱ्याच्या हातून नकोय. आठवा भाग नसेल तर तेरावा उभाच राहत नाही. मेरीच्या चोऱ्यांचंही तेच. तिला सोडवताना हँकचा संबंध ज्या पोलिसाशी येतो, तोच पुढे गसच्या मारल्या गेलेल्या केमिस्टची, गेलची, वही हँककडे घेऊन येतो. त्या वहीतून हँकचा तपास सुरू होतो आणि अकराव्या भागात गसची ड्रगची प्रयोगशाळा लपलेल्या लाँड्रीच्या दारापर्यंत पोचतो. तिथे जायचं टाळायला वॉल्टर मुद्दाम गाडी ठोकतो.

मला खरोखर लांबलेली वाटते ती जेसीच्या घरातली न संपणारी पार्टी. एवढ्या वेळा दाखवायची गरज नव्हती, तिथे कात्री चालली असती.

शिवाय पाहण्याच्या पद्धतीचाही फरक आहे. तुम्ही लिहिलंत की तेराही भाग दोन दिवसांत पाहिले. हा सीझन 17 जुलै ते 9 ऑक्टोबर 2011 असा आठवड्याला एक या हिशेबाने दाखवला गेला. ‘क्रॉल स्पेस’ 25 सप्टेंबरला आला, म्हणजे ते हसणं घेऊन प्रेक्षक सात दिवस बसला होता. प्रत्येक भागही टीझर (शीर्षकाआधीचा छोटा सीन) आणि चार अंकांत बांधलेला आहे, मध्ये जाहिराती धरलेल्या आहेत. कॉर्कबोर्डवर कार्डं टोचून मांडणी करणाऱ्या लेखकांनी दर ब्रेकच्या तोंडाशी हुक ठेवलाय. जाहिराती गाळून सलग पाहिलं की ते थांबे निघून जातात, आणि थांब्यासाठी ठेवलेला संथ सीन नुसताच संथ वाटतो.

‘द वायर’ या दुसऱ्या मालिकेशी तुम्ही केलेली तुलना मात्र मला पटली नाही. तिथे घाव शेवटून दुसऱ्या भागात घालतात आणि शेवटचा भाग राख शांत होताना दाखवतो. पाचही सीझनमध्ये तो शेवटून दुसरा भाग जॉर्ज पेलेकॅनोस यांनी लिहिलाय. पहिल्या सीझनमध्ये वॉलेस हा कोवळा मुलगा बाराव्या भागात मरतो. ती मालिका शहराची आहे, एका माणसाची दारं बंद करणं हे तिचं कामच नाही. दोन्हींना एकच मोजपट्टी कशी लावायची?

आता तिसरा आक्षेप. बाराव्या भागात हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गस वॉल्टरने बॉम्ब लावलेल्या आपल्या व्होल्वोपर्यंत येता येता थांबतो, इकडेतिकडे बघतो आणि परत फिरतो. आधीच्या सीनमध्ये जेसीने विषाचा उल्लेख केलाय, त्यावरून त्याला वास आला असं समजायला जागा आहे. पण पडद्यावर त्याच्या मनातला हिशेब दिसत नाही, नुसती चाहूल दिसते. इथे तुमचं बरोबर आहे. जेसीच्या पाकिटातली, रिसिन हे विष लपवलेली सिगरेट कशी गेली, याचंही नीट उत्तर पुढच्या सीझनमध्ये मिळतं. सॉलच्या ऑफिसात त्याचा अंगरक्षक ह्यूएल जेसीची झडती घेतो तो सीन बाराव्या भागात आहे, पण पहिल्यांदा बघणाऱ्याच्या तो लक्षात राहणं कठीण. आणि ब्रॉकच्या (जेसीच्या मैत्रिणीच्या मुलाच्या) पोटात लिली ऑफ द व्हॅली ही विषारी वनस्पती नेमकी कशी गेली, हे पडद्यावर कधीच दाखवलेलं नाही. ती भेग आहे, मी ती बुजवायला जाणार नाही.

‘फसवलं’ हा शब्द तरीही मला मान्य नाही. बाराव्या भागाच्या सुरुवातीला वॉल्टर पूलशेजारी बसून टेबलावर रिव्हॉल्व्हर फिरवतो. नळी दोनदा त्याच्याकडे वळते, तिसऱ्यांदा कुंडीकडे. तिथून पुढे मालिका आपल्याला बराच वेळ जेसीच्या बाजूने नेते आणि वॉल्टरच्या मनात काय शिजतंय ते लपवते. तेराव्या भागाचा शेवटचा शॉट त्याच कुंडीवर जाऊन थांबतो, आणि तिच्यात लिली ऑफ द व्हॅली असते. लपवणं आणि खोटं सांगणं यात फरक आहे, आणि लपवलेल्याची खूण इथे उघड्यावर ठेवलेली होती.

‘बग’, ‘सालूड’ आणि ‘क्रॉल स्पेस’ हे तीन भाग सलग पुन्हा बघा, आणि या वेळी फक्त पैशांवर नजर ठेवा: कुठे ठेवलेत, कुणाच्या हातात गेले, कुणाला कधी कळलं. त्यातला कोणता सीन काढता येईल असं वाटलं, तर त्याचं नाव इथेच खाली लिहा. त्यावर बोलायला मला आवडेल.