‘हिरडी अर्धीच वर आली’ या रिव्ह्यूला क्लिनिककडून उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन ताऱ्यांचा रिव्ह्यू वाचला. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. बाबांच्या खालच्या पुढच्या दोन दातांना ग्राफ्टिंग केलं, म्हणजे टाळूचा तुकडा काढून हिरडीवर शिवला, एकाची हिरडी पूर्ण वर आली आणि दुसऱ्याची अर्धीच. टाळू सोलून काढला. त्याआधी खर्रा (तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेली पुडी) सोडायला लावून उगाच लटकवत ठेवलं. साध्या क्लिनिंगनं भागलं असतं, नाहीतर एवढ्या पैशात इम्प्लांट (हाडात स्क्रू घालून बसवलेला कृत्रिम दात) झालं असतं. म्हणून अर्धे पैसे परत द्यावेत.

पेशंट तुमचे बाबा आहेत, तुम्ही नाही. त्यांची फाईल त्यांच्या परवानगीशिवाय मी इथे उघडणार नाही. तुम्ही स्वतः जे लिहिलंत तेवढ्यालाच, आणि ते सगळ्यांना लागू पडेल अशाच बेतानं उत्तर देते.

अर्ध्या हिरडीचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून आधी तोच. दाताचं उघडं पडलेलं मूळ कितपत झाकलं जाईल हे सर्जनच्या हातापेक्षा शेजारच्या हाडावर जास्त ठरतं. दोन दातांच्या मधलं हाड आणि तिथला हिरडीचा त्रिकोण शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची शक्यता चांगली असते. ते हाड झिजलं असेल तर हिरडी काही अंशीच वर येते आणि फारच झिजलं असेल तर जवळजवळ येतच नाही. १९८५ साली हिरडीतज्ज्ञ मिलर यांनी याच आधारावर चार वर्ग पाडले. २०११ मध्ये कैरो आणि सहकाऱ्यांनी त्यांची नव्यानं तीन प्रकारांत मांडणी केली. डॉक्टर टाके घालण्याआधीच साधारण अंदाज सांगू शकतात, तो या वर्गीकरणांमुळे. शेजारी-शेजारी असलेल्या दोन दातांचे वर्ग वेगळे निघणं आमच्याकडे रोजचंच आहे.

याचं कारणही सांगते. मुळाचा पृष्ठभाग कोरडाठाक असतो, त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यावर ठेवलेला तुकडा जगतो तो आजूबाजूच्या जिवंत हिरडीच्या जोरावर. पहिले दोन-तीन दिवस तर त्याला स्वतःचं रक्तही मिळत नाही, खालून पाझरणाऱ्या द्रवावर तो तग धरतो. त्यानंतर नव्या बारीक वाहिन्या त्याला जोडल्या जातात. कडेला आधारच नसेल तर उंचावर शिवलेला भाग जगत नाही.

मग अर्धंच झाकलं जाणार असेल तर करायचं कशाला, असं तुम्ही विचारलंय. रास्त प्रश्न आहे. खालच्या पुढच्या दातांवर हिरडी मुळातच पातळ असते. त्यात ओठाला हिरडीशी जोडणारी दोरी ती खाली ओढत असेल, तर ब्रश लावला की दुखतं. दुखतं म्हणून माणूस तिथे ब्रश लावत नाही, मग कीटण साचतं आणि हिरडी आणखी खाली जाते. अशा जागी जाड, घट्ट, न हलणारी हिरडी तयार करणं हेच ऑपरेशनचं मुख्य काम. मूळ झाकलं गेलं तर तो वरचा फायदा. ग्राफ्टिंगनंतरच्या वर्षभरात हिरडी आपणहून थोडी वर सरकते असंही काही पेशंटमध्ये दिसतं, पण त्याचं आश्वासन मी कुणालाच देत नाही.

आता टाळू. हिरडी जाड करायची तर तुकडा कुठून तरी आणावा लागतो आणि टाळूचं कातडं त्या कामाला उत्तम. एका पद्धतीत टाळूच्या आतला थर काढून वरचं कातडं परत शिवतात, त्यात दुखणं कमी असतं. दुसरीत वरचा पातळ थरच घेतात, जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा, आणि तिथे उघडी जखम राहते. गुडघा खरचटल्यावर झोंबतो तशी ती झोंबते, दोन ते चार आठवड्यांत भरते. खालच्या पुढच्या दातांना घट्ट हिरडीची गरज असेल तर मी दुसरी पद्धत निवडते. तिखट बंद ठेवायला सांगते ते त्या जखमेसाठीच. नागपुरात माणसाला दोन आठवडे तर्रीपासून लांब ठेवणं किती अवघड असतं, याची मला पूर्ण कल्पना आहे.

तिसऱ्या दिवशी हिरडी पांढरी पडली आणि ‘कुजली की काय’ म्हणून घरचे घाबरले, असंही तुम्ही लिहिलंय. वरचा पातळ पापुद्रा सुटतो म्हणून ती पांढरी दिसते. आठवडाभरात खालून गुलाबी थर दिसू लागतो. एक विनंती मात्र आहे, आणि ती सगळ्याच नातेवाइकांना आहे. ओठ खाली ओढून मोबाईलच्या टॉर्चमध्ये फोटो काढू नका. ज्या दिवसांत तो तुकडा अजिबात हलता कामा नये, नेमके तेच हे दिवस असतात.

खर्ऱ्याबद्दल मी मवाळ होणार नाही. तंबाखूतल्या निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे ग्राफ्टचा सगळा जीव रक्तपुरवठ्यावर. शिवाय खर्ऱ्यात सुपारी असते, चुना असतो. रोज एकाच जागी गोळी दाबून ठेवली की तिथलीच हिरडी खाली सरकते. सुपारीनं तोंडाचं आतलं कातडं ताठर होत जातं, तोंड उघडणं कमी होतं, मग टाळूतून चांगला तुकडाही मिळत नाही. चौकाचौकातल्या पानठेल्यावर घोटलेल्या त्या पुडीचे परिणाम विदर्भातला प्रत्येक दंतवैद्य रोज बघतो. सुरू असलेल्या खर्ऱ्यावर मी लगेच टाके घातले असते तर तुमचं काम लवकर झालं असतं आणि माझे पैसेही लवकर आले असते. मला ते मान्य नाही.

क्लिनिंगबद्दल. कीटण काढल्यानं हिरडीची सूज उतरते, रक्त येणं थांबतं. गेलेली हिरडी त्यानं परत येत नाही. उलट सूज उतरल्यावर दात आणखी लांब दिसतात, आणि ‘डॉक्टरनं फट पाडली’ हे वाक्य आम्हाला ऐकावं लागतं. इम्प्लांट लागतं ते दात गेल्यावर. घट्ट बसलेला दात काढून तिथे स्क्रू बसवायला मी सांगणार नाही. आणि इम्प्लांटभोवतीची हिरडीही खाली जाऊ शकते.

दुसऱ्या डॉक्टरांनी ‘गरजच नव्हती’ असं म्हटलं असेल, तर त्यांचंही मत असू शकतं. खाली सरकलेल्या प्रत्येक हिरडीला ग्राफ्ट लागत नाही. दुखत नसेल आणि मोजमाप वर्षानुवर्षं तेच राहत असेल, तर मीही ब्रश बदलायला सांगून घरी पाठवते. पण ऑपरेशन झाल्यावर आधीची अवस्था डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी आधीचे फोटो, एक्स-रे आणि मिलिमीटरमधली मोजमापं लागतात. बाबांनी सांगितलं तर या सगळ्याची प्रत मी देईन, सहीच्या संमतीपत्रासकट. हवं त्या तज्ज्ञाला दाखवा.

‘कॉलेजमध्ये स्वस्तात झालं असतं’ हे तुमचं म्हणणं खरं आहे. मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांचा विभाग आहे. तिथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली पदव्युत्तर विद्यार्थी अशी ऑपरेशन्स करतात, खर्च खूप कमी येतो, रांग मात्र मोठी असते. खर्चाची अडचण असलेल्यांना मी स्वतः तिकडे पाठवते.

पैसे परत करणार नाही. फी त्या कामाची होती, आणि ते काम झालं आहे. यापुढच्या तपासण्या मूळ फीमध्येच आहेत, त्याचे वेगळे पैसे लागणार नाहीत, आणि त्या तुम्ही चुकवू नयेत असं मला वाटतं. बाबांना संध्याकाळी सातनंतर घेऊन या, तेव्हा गर्दी कमी असते. सोबत ते घरी वापरतात तो ब्रशही आणा. मऊ आहे की कडक, आणि ते तो कसा फिरवतात, हे मला माझ्यासमोर बघायचं आहे.