‘सगळं उघड केलं तर औषधं महागच होतील’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या पीबीएमवरच्या, म्हणजे विमा योजना, औषध कंपन्या आणि फार्मसी यांच्या मध्ये बसलेल्या मध्यस्थ कंपन्यांवरच्या, ‘त्यांचे हिशेब उघड करा’ म्हणणाऱ्या लेखाला तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. रिबेट, म्हणजे औषध कंपन्या मागाहून परत देतात ती सूट, उघड झाली की या कंपन्या एकमेकींचे दर बघून हात आखडता घेतील; रिबेट जवळजवळ सगळं योजनेलाच परत मिळतं, मग दडवण्यासारखं उरतं काय; आणि भाव औषध कंपन्या ठरवत असताना मधल्यांना का झोडपायचं.

पहिल्या आक्षेपासाठी तुम्ही दिलेला डेन्मार्कच्या काँक्रीटचा दाखला अगदी खरा आहे. 1993 मध्ये तिथल्या स्पर्धा नियामकाने काँक्रीटच्या प्रत्यक्ष सौद्यांचे दर छापायला घेतले आणि वर्षभरात भाव 15 ते 20 टक्के चढले. पण ते आकडे पोचले विक्रेत्यांपर्यंत. शेजारचा किती सूट देतो हे कळल्यावर जास्त सूट द्यायची गरजच उरली नाही. पीबीएमच्या कायद्यांत मुख्य मागणी वेगळी आहे: जो पैसे भरतो त्याला स्वतःचं बिल दिसू द्या. सिनेटर कँटवेल आणि ग्रासली यांचं 2023 चं विधेयक काय, किंवा फेब्रुवारी 2026 च्या खर्चविषयक कायद्यात आलेल्या तरतुदी काय, भर योजनेला आणि सरकारी यंत्रणांना द्यायच्या अहवालांवर आहे. एका औषध कंपनीचं रिबेट दुसरीला कळावं, असा हेतू नाही. उद्या कुणी औषधनिहाय निव्वळ दर सगळ्यांसाठी वेबसाइटवर टाकायला निघालं, तर तुमच्या बाजूने मीही उभा राहीन.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा. त्यातही तथ्य आहे: जीएओ या संसदीय लेखापरीक्षण यंत्रणेला 2019 मध्ये दिसलं की मेडिकेअर पार्ट डी मध्ये, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी औषध विम्यात, पीबीएमनी 2016 साली रिबेटचा एक टक्काही स्वतःकडे ठेवला नव्हता. फक्त ‘रिबेट’ हा एकच रकाना बघितला तर चित्र स्वच्छच दिसतं. पैसा मुरतो तो बाकीच्या रकान्यांत.

पहिली जागा स्प्रेडची. समजा, एका जेनेरिक गोळीसाठी पीबीएमने योजनेला 40 डॉलर लावले आणि फार्मसीला 12 दिले. मधले 28 म्हणजे स्प्रेड: ना रिबेट, ना फी. योजनेच्या कागदावर ते ‘औषधाचा खर्च’ म्हणून दिसतात. ओहायोच्या राज्य लेखापरीक्षकांनी 2018 मध्ये मेडिकेडचे, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचे, असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा एका वर्षाचा स्प्रेड 22 कोटी 48 लाख डॉलर निघाला. जेनेरिकवर तो 31.4 टक्के होता. तोवर ही रक्कम कुणाच्या डोळ्यांवर आली नाही, कारण दोन आकडे दोन वेगळ्या करारांत होते.

दुसरी जागा स्वतःच्या फार्मसीची. सीव्हीएस केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स या तिन्ही बड्या पीबीएमकडून देशातली जवळपास 80 टक्के प्रिस्क्रिप्शन्स जातात, आणि तिघींच्या समूहांच्या स्वतःच्या फार्मसी आहेत. एफटीसी या सरकारी स्पर्धा नियामकाच्या जानेवारी 2025 च्या अहवालानुसार 2017 ते 2022 या काळात या फार्मसींनी स्पेशालिटी (गंभीर आजारांवरच्या) जेनेरिक औषधांवर खरेदीच्या अंदाजे खर्चापेक्षा 730 कोटी डॉलर जास्त कमावले. यात रिबेटचा संबंधच येत नाही.

तिसरी जागा नावांची. उत्पादकाकडून येणाऱ्या पैशाला ‘प्रशासकीय शुल्क’ किंवा ‘डेटा शुल्क’ म्हटलं की तो रिबेटच्या व्याख्येतून बाहेर पडतो. त्यातून रिबेटची बोलणी वेगळ्या सहकंपन्यांकडे गेली आहेत. एक्सप्रेस स्क्रिप्ट्सच्या समूहाने उभी केलेली असेंट तर स्वित्झर्लंडमध्ये आहे. ‘रिबेट शंभर टक्के पुढे द्या’ एवढंच लिहिणारा कायदा म्हणूनच लंगडा. ‘उत्पादकाकडून कोणत्याही नावाने, कोणत्याही सहकंपनीमार्फत आलेली रक्कम’ अशी व्याख्या हवी.

योजनेला ऑडिटचा हक्क आधीच आहे, असंही तुम्ही म्हणता. आहे, पण अनेक करारांत ऑडिटर कोण हे पीबीएमच्या संमतीने ठरतं, तपासायचे दावे नमुन्यापुरते असतात आणि उत्पादकाशी केलेले करार मोजकेच दाखवतात. शिवाय ‘जेनेरिकवर सरासरी इतकी सूट’ अशी हमी असेल, तर एका गटातली तूट दुसऱ्या गटातल्या जादा सुटीने भरून दाखवता येते. बेरजा बरोबर, बिल चुकीचं. एकूण रकमांचा अहवाल इथे काहीच सांगत नाही. दाव्यागणिक ओळ हवी: औषधाचा अकरा अंकी एनडीसी (ओळख) क्रमांक, तारीख, नग, योजनेला लावलेली रक्कम, फार्मसीला दिलेली रक्कम, फार्मसी पीबीएमच्याच समूहाची आहे का, आणि उत्पादकाकडून आलेली एकूण रक्कम. हे हातात आलं की सरकार दर आठवड्याला प्रसिद्ध करतं त्या ‘नाडाक’ दरांशी, म्हणजे फार्मसींच्या सरासरी खरेदी-दरांशी, ताडून बघणं साध्या एक्सेलचं काम आहे.

पेशंटचं नुकसान वेगळंच. यादीतली, म्हणजे औषध कंपनीने जाहीर केलेली, किंमत 500 डॉलर, रिबेट 200, म्हणजे योजनेला औषध पडलं 300 ला. पण 20 टक्के हिस्सा बहुधा 500 वर मोजतात: 60 ऐवजी 100 डॉलर. डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम, संपलेलं नसेल तर सगळे 500 खिशातून. काउंटरवर रोखीचा भाव जरूर विचारा. तो सांगायला फार्मासिस्टला मनाई करणाऱ्या करारातल्या अटी ऑक्टोबर 2018 मध्ये झालेल्या कायद्यांनुसार बेकायदा आहेत. मात्र रोखीने घेतलेलं औषध आपोआप डिडक्टिबलमध्ये धरलं जात नाही, हे आधी तपासा.

राहिल्या औषध कंपन्या. त्यांना निर्दोष कुणीच म्हटलेलं नाही. पण इन्सुलिनचं उदाहरण बघा. लिली या औषध कंपनीने 2019 मध्ये आपल्या हुमालॉग इन्सुलिनचंच औषध वेगळ्या लेबलने निम्म्या भावात आणलं, कुपी 274.70 ऐवजी 137.35 डॉलरला. स्वस्त कुपी सगळ्या योजनांनी झटकन उचलायला हवी होती. एफटीसीने सप्टेंबर 2024 मध्ये तिन्ही बड्या पीबीएमवर दाखल केलेल्या तक्रारीत आरोप हाच आहे की, कमी किमतीची इन्सुलिन उपलब्ध असूनही जास्त किमतीची आणि जास्त रिबेट देणारी योजनेच्या मान्य औषधांच्या यादीत पुढे ठेवली गेली. मध्यस्थाची कमाई यादीतल्या किमतीच्या टक्केवारीवर असेल, तर भाव उतरवणाऱ्या उत्पादकालाच दार बंद होतं. मेडिकेअर पार्ट डी मध्ये 2028 पासून ही सांगड तोडायची तरतूद फेब्रुवारी 2026 च्या त्याच कायद्यात आहे. नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात मात्र ठरीव फी मागायची की टक्केवारी चालू द्यायची, हे अजून कंपनीच्या करारावरच आहे.