साबणाची वडी

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाकडे निघालेल्या होडीत, माझ्या हातात खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा दिसत असताना, एक पोरगी म्हणाली, "काका, आमचा ग्रुप फोटो काढता? तुमच्या त्याच्यात नको हं, आमच्या मोबाईलवर."

तुमच्या त्याच्यात! जणू मी पिकदाणी धरून बसलो होतो.

काढला मुकाट्यानं. मग इरेला पेटून माझा चालू केला. भिंगाची नळी अर्धी बाहेर आली, कर्र झालं, पीं पीं वाजलं आणि पडद्यावर 'लेन्स एरर'. सुकाणूवरचा म्हातारा तांडेल मघापासून बघत होता.

"काय झाला, झिला?" (झील म्हणजे पोरगा. पाच मिनिटांत काकाचा झील झालो, एवढाच काय तो फायदा.)

"लेन्स अडकली."

"वाळू गेली असतली. पण ह्यो कॅमेरो? माका वाटला साबणाची वडी. किती दिलंस?"

"नऊ हजार. तेव्हाचे."

"नऊ हजार, आणि वाळूचो एक कण सोसणा नाय? ह्या माझा इंजिन बघ. बारा वर्सा खाऱ्या वाऱ्यात असा. बंद पडला काय एक लाथ घालतंय."

"याला लाथ चालत नाही, काका."

"मग काय चालता?"

खरं उत्तर लांबलचक होतं, तरी दिलं. बॅटरी काढायची, थोड्या वेळानं परत घालायची. तोंड खाली धरून रबरी फुग्यानं हवा मारायची. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकीची वाफ आत जाते. नळी बोटांनी ओढायची नाही, आतल्या प्लॅस्टिकच्या चाकांचे दाते तुटतात.

तांडेलानं शांतपणे ऐकून घेतलं आणि हनुवटीनं समोरचा किल्ला दाखवला. "महाराजांनी पायात शिसा ओतला हा. 1664 पासून लाटा खाता. तुज्या ह्येच्या पायात काय ओतला?"

अख्खी होडी हसली. ती पोरगीसुद्धा.

राग तांडेलाचा नाही, त्या बारीकपणाचा आहे. खिशात मावायचं म्हणून एकात एक सरकणाऱ्या नळ्या, त्यांच्यामध्ये केसभर फट, आणि त्या फिरवायला एवढीशी मोटर. नळी ठरल्या जागी पोचली नाही की कॅमेरा दुकान बंद करतो. वास्तविक 2002 सालीच मिनोल्टाच्या डिमाज एक्स या कॅमेऱ्यात प्रिझमनं उजेड काटकोनात वळवून तीन पट झूमची भिंगं आतल्या आत उभी बसवली होती. बाहेर काही येतच नव्हतं. त्याच वर्षीचा कॅसिओचा एक्सिलिम एस-1 तर 11.3 मिलिमीटर जाडीचा, पण त्याला ऑप्टिकल, म्हणजे भिंगांनी होणारा झूमच नव्हता. म्हणजे बारीक व्हायचं तर काहीतरी सोडावं लागतं, हे कॅमेऱ्यालाही चुकलं नाही.

माझ्या वडीनं काय काय सोडलंय? सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, साधारण 6.2 बाय 4.6 मिलिमीटर, तुरीच्या डाळीएवढा. मोठ्या, फुल फ्रेम कॅमेऱ्यांचा 36 बाय 24, म्हणजे क्षेत्रफळानं तीसपट. म्हणून दशावताराला अंधारात आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, 1600 वर नेला की शंकासुराच्या अंगावर रांगोळी सांडल्यासारखे ठिपके. फ्लॅश जेमतेम तीन मीटर पोचतो. सहा मीटरवर उजेड चौथाईच. त्यामुळे पुढच्या रांगेतल्या आजोबांचं टक्कल लखलखतं आणि शंकासुर अंधारात. त्यात फ्लॅश भिंगाला चिकटून, म्हणून घरच्या फोटोत सगळ्यांचे डोळे लाल. डोळ्याला लावायची खिडकी नाही आणि उन्हात पडदा दिसत नाही. पुळणीवर तर वाळू-पाण्याच्या चमकेनं उजेड मोजणारा मीटर फसतो, माणसं काळी पडतात. +0.7 एक्स्पोजर, म्हणजे थोडा जास्त उजेड द्यावा, पण तो दिलाय की नाही हे त्या न दिसणाऱ्या पडद्यावरच बघायचं!

चांगलं काहीच नाही असं नाही. बटण अर्धं दाबून फोकस आधी धरून ठेवला तर एरवीची दिरंगाई बरीच कमी होते. डाळीएवढ्या सेन्सरमुळे पुढचा बांगडा आणि मागची होडी दोन्ही स्पष्ट येतात. आणि हर्णैच्या मासळी लिलावात कोणी वळूनही बघत नाही. मोठा कॅमेरा काढा, लगेच "खंयच्या पेपरातले?"

दुरुस्तीवाल्यानं मात्र सांगितलं, नुसती मोटर मिळत नाही, अख्खं लेन्स युनिट बदलावं लागेल. युनिटच्या पैशात जुना कॅमेरा येतो. शिवाय ते युनिट आता येत नाही. मग भाव कशाला सांगितलास, बाबा?

घरी तांदळात पुरून ठेव म्हणाले. तांदळाचा भुगा आणखी आत जाईल, म्हणून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवायचं ठरवलं. पण नळी अर्धी बाहेरच राहिलीय. आता तो डब्याच्या झाकणात बसत नाही, आणि खिशातही नाही.