त्या आठवड्यात मी भारतात होतो

जानेवारी २०२५ मध्ये ओयोनं मेरठपासून एक नवा नियम सुरू केला. खोली घेणाऱ्या जोडप्याकडे नात्याचा पुरावा मागायचा, आणि लग्न झालेलं नसेल तर हॉटेलवाल्यानं नाही म्हटलं तरी चालेल. आमच्या शाळेच्या ग्रुपवर बातमी पडली आणि अर्ध्या तासात गाडी मेरठहून निघून 'उद्या दोन पुरुष आले तर?' या स्टेशनावर येऊन थांबली. माझा एक वर्गमित्र सांगलीला मंगल कार्यालय चालवतो. त्यानं लिहिलं, "हॉल माझा, हप्ते मी फेडतो, गिऱ्हाईक कोण तेही मीच ठरवणार. आणि तुमच्या तिकडे तर सुप्रीम कोर्टानंच केकवाल्याला सोडलंय की!"

'तुमच्या तिकडे' म्हणजे त्याच्या लेखी शिकागो, लंडन, डब्लिन सगळं एकाच गल्लीत. त्याच्या डोक्यात होता कोलोरॅडोचा केकवाला. २०१२ साली त्यानं दोन पुरुषांच्या लग्नाचा केक करायला नकार दिला आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो सात विरुद्ध दोन असा जिंकला. पण कशावर? राज्याच्या आयोगानं त्याच्या धर्माबद्दल आकस दाखवला, एवढ्यावर. असा नकार देता येतो की नाही, हा मूळ प्रश्न न्यायालयानं तसाच ठेवला. ग्रुपवर हे कोण वाचणार?

मी बारा वर्षं ब्रिटनच्या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला राहतो आणि आमच्याकडेही एक केकवाला आहे. त्याची गोष्ट मित्राच्या जास्त कामाची आहे, फक्त ती त्याला अर्धीच आवडेल.

मे २०१४. अ‍ॅशर्स नावाची बेकरी. मालक कुटुंब श्रद्धाळू ख्रिस्ती, दुकानाचं नावसुद्धा बायबलमधलं. एका गिऱ्हाइकानं केक सांगितला. त्यावर बर्ट आणि अर्नी ही लहान मुलांच्या कार्यक्रमातली बाहुल्यांची जोडगोळी हवी होती आणि 'समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या' असं लिहून हवं होतं. काउंटरवर ऑर्डर घेतली, ३६ पौंड ५० पेन्स घेतले. दोन-तीन दिवसांनी फोन आला की आमच्या श्रद्धेत हे बसत नाही, पैसे परत घ्या. खटला उभा राहिला. खालच्या न्यायालयात गिऱ्हाईक जिंकलं, अपिलातही जिंकलं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी एकमतानं बेकरीच्या बाजूनं निकाल दिला. मग स्ट्रासबर्गचं युरोपीय मानवाधिकार न्यायालय, तिथं २०२२ मध्ये अर्ज दाखल करून घ्यायलाच नकार. एवढ्या वर्षांत त्या केकची पिठी जमवली असती तर गावजेवण झालं असतं.

निकालातला धागा बारीक आहे. बेकरीनं त्या माणसाला नाकारलं नव्हतं, त्या वाक्याला नाकारलं होतं. तेच वाक्य बायको-मुलांना घेऊन आलेल्या गृहस्थानं मागितलं असतं तरी उत्तर तेच आलं असतं. आणि त्याच गिऱ्हाइकानं नुसता वाढदिवसाचा केक मागितला असता, तर तो त्याला मिळायलाच हवा होता.

मला सुरुवातीला हा निकाल म्हणजे वकिली कसरत वाटली. पण या शहरात राहिलं की पटतं. इथं कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये आजही भिंती उभ्या आहेत, जुलैत मिरवणुका निघतात तेव्हा माणसं सुट्टी काढून गाव सोडतात. इथल्या कॅथलिक छापखानेवाल्याला 'युनियन अमर राहो', म्हणजे ब्रिटनशी जोडलेलंच राहू या, असं पोस्टर छापायची सक्ती करून बघा. माझ्या हातानं माझ्या मनाविरुद्धचं वाक्य लिहून घेऊ नका, हे म्हणणं मला मान्य आहे.

पण सांगलीच्या हॉलवर काय लिहायचं असतं? 'शुभविवाह' आणि खाली थर्माकोलची दोन नावं, तीही डेकोरेशनवाला लावतो. हॉल म्हणजे भिंती, खुर्च्या, पंगतीची जागा आणि जनरेटर. तो नाकारणं म्हणजे माणसाला नाकारणं.

याचाही खटला ब्रिटनमध्ये होऊन गेलाय. २००८ साली कॉर्नवॉलमध्ये घरगुती हॉटेल चालवणाऱ्या ख्रिस्ती जोडप्यानं दोन पुरुषांना डबल बेडची खोली दिली नाही. त्यांचं म्हणणं, आम्ही समलिंगींविरुद्ध नाही, लग्न न झालेल्या कुणालाच देत नाही. थेट मेरठचा नियम! त्या दोघांची जोडीदार म्हणून कायदेशीर भागीदारी नोंदलेली होती, पण लग्न करायची सोय तेव्हा त्यांना नव्हतीच. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मालक हरले. जे लग्न कायदा करूच देत नाही त्याचा दाखला दारात मागणं, यातली मेख न्यायालयानं ओळखली. भारतात १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे मेरठच्या काउंटरवर अविवाहित मुलगा-मुलगी उद्या लग्न करून परत येऊ शकतात. दोन मुलांनी काय करायचं?

आणि 'हॉल माझा' याचं उत्तर आपल्या घरातच लिहून ठेवलंय, त्यासाठी बेलफास्टला यायची गरज नाही. राज्यघटनेच्या कलम १५ (२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं विहिरी, तलाव आणि घाटांच्या शेजारी आहेत. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खुलासा केला की 'दुकान' म्हणजे नुसतं आत येऊ देणं नाही, अटी मान्य असतील तर सेवाही द्यायची, आणि जो कुणी सेवा देऊ करतो तो या शब्दात येतो. चवदार तळ्याचं पाणी ज्यानं पाहिलंय त्यालाच हा शेवटचा भाग सुचणार. त्या कलमातल्या यादीत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, लैंगिक कल नाही. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणाऱ्या २०१८ च्या कलम ३७७ च्या निकालात काही न्यायमूर्तींनी 'लिंग' या शब्दात तो वाचला, पण सांगलीच्या हॉलवाल्याला थेट बांधेल असा वेगळा कायदा आजही नाही. म्हणजे तूर्त माझा मित्र मोकळा आहे.

मी ग्रुपवर एवढं सगळं लिहिलं नाही. केंटच्या घरमालकाची बातमी तेवढी टाकली. त्यानं भाडेकरू म्हणून गोरे नसलेले लोक नकोत असं लेखी कळवलं होतं, कारण ते गेल्यावर घरात करीचा वास राहतो. २०१७ मध्ये न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं. ग्रुपवर संतापाची लाट. "वर्णद्वेषी साले!" लिहिणाऱ्यांपैकी दोघंजण मुंबईत अशा सोसायटीत राहतात जिथं मासे खाणाऱ्याला घर मिळत नाही. वासाचंच कारण तिथंही असतं. फक्त तिथं कुणी लेखी कळवत नाही. "अहो, कालच टोकन घेतलं हो."

आमचा नकार असा येतो. कोकणस्थ असो, देशस्थ असो, मराठा असो, तोंडावर 'तुम्हाला देणार नाही' म्हणणारा मराठी माणूस मी क्वचित पाहिलाय. तारीख गेलेली असते, मालक गावाला असतात, आचाऱ्याकडे सुतक असतं. त्या बेकरीवाल्यांनी निदान फोन करून कारण सांगितलं, म्हणून त्यावर पाच न्यायमूर्ती बसून विचार करू शकले. 'तारीख नाही' याच्यावर कुठलं न्यायालय बसवणार?

हे मी इतक्या खात्रीनं सांगतोय, कारण मी तेच केलंय.

इथं मराठी घरं मोजकी. मी पौरोहित्याची संथा घेतलेली आहे, त्यामुळे सत्यनारायण, वास्तुशांत, गणपती मीच सांगतो, दक्षिणाही घेतो. गेल्या वर्षी नाशिककडच्या एका मुलीचा फोन आला. सिटी हॉलमध्ये एका आयरिश मुलीशी तिचं नोंदणी लग्न होतं. "काका, नंतर घरी अंतरपाट धरून फक्त मंगलाष्टकं म्हणाल का?" इथला कायदा पाद्र्यालासुद्धा अशा लग्नाची सक्ती करत नाही, मला कोण करणार? मी सरळ नाही म्हणू शकलो असतो. पण 'नाही'च्या पुढे 'कारण' म्हणून जे वाक्य यायला हवं होतं, ते मला मोठ्यानं म्हणता येईना. मी म्हटलं, "अगं, नेमका त्या आठवड्यात मी भारतात आहे."

लग्न गुरुवारी झालं. शनिवारी मी भारतीय वाण्याच्या दुकानात होतो, कारण शनिवारी कढीपत्ता येतो. डाळींच्या रांगेत समोर तिची आई. नऊवारीवर जाड कोट, पायात मुलीचे स्पोर्ट शूज.

"गुरुजी! कधी आलात?"

"आजच. सकाळी."

"प्रवास बरा झाला ना?"

"हो, बरा झाला."

"मंगलाष्टकं मीच म्हटली शेवटी. फोनवर बघून. दुसऱ्या कडव्याला सूर लागेना, मग तिच्या सासूनं नुसत्याच टाळ्या वाजवल्या." त्यांनी पिशवीत हात घालून फॉइलची पुडी काढली आणि माझ्या बास्केटमध्ये कढीपत्त्यावर ठेवली. "बुंदीचे आहेत, नाशिकहून आणलेले. घ्या. तुम्ही नव्हतात ना."